संसद, न्यायालय, सरकारी कार्यालय: पाहुणा म्हणून जाताना सुरक्षा तपासणीला कसे सामोरे जावे?

स्वानंदी

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आई-बाबा आणि दोन भाचे यांना घेऊन युरोप आणि अमेरिकेचा प्रवास करण्याचे ठरले आहे. नेहमीची प्रेक्षणीय स्थळे पाहूच, पण मुलांनी एखाद्या देशाच्या संसदेत गॅलरीत बसून कामकाज ऐकावे आणि न्यायालयातली खुली सुनावणी स्वतः पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कायदे जिथे होतात आणि जिथे त्यांचा अर्थ लावला जातो, त्या जागा सामान्य माणसाला खुल्या असतात, ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या दारातून आत जाऊन कळलेली बरी.

अडचण सुरक्षा तपासणीची आहे. विमानतळावरची तपासणी आम्हाला ठाऊक आहे, पण सरकारी इमारतींचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत असे दिसते. एके ठिकाणी पाण्याची बाटली चालते, दुसरीकडे चालत नाही; कुठे पासपोर्ट लागतो, कुठे ओळखपत्र कोणी विचारतही नाही; कुठे सामान ठेवायला जागा असते, तर कुठे दारातूनच परत पाठवतात. आईला पेसमेकर बसवलेला आहे आणि बाबांना इन्सुलिन घ्यावे लागते, त्यामुळे सुया, औषधाची कुपी आणि साखर एकदम खाली गेली तर लागणारे काहीतरी गोड हे सतत त्यांच्याजवळ असते. मोठ्या भाच्याला फिल्मच्या कॅमेऱ्याचा छंद आहे आणि तो कॅमेरा मागे ठेवून येणार नाही. आई स्वभावाने भिडस्त आहे. अनोळखी माणसाने सर्वांसमोर अंगझडती घेतली तर तिचा सगळा दिवस त्याच विचारात जाईल, याची मला काळजी वाटते.

म्हणून विचारते की तयारी कोणती करावी, ही तपासणी नेमके काय शोधत असते, आजारी आणि वृद्ध माणसांसाठी कोणती सोय मागता येते, आणि एखादी गोष्ट मान्य नसेल तर नकार देण्याचा अधिकार आपल्याला असतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

द्वारपाल

स्वानंदीताई, माझी नोकरीची बरीच वर्षे एका सार्वजनिक इमारतीच्या प्रवेशद्वारावर गेली आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे विमानतळाचे नियम डोक्यातून काढून टाका. जगभरच्या विमानतळांना साधारण एकाच प्रकारचा धोका असतो, म्हणून त्यांचे नियमही बरेचसे सारखे असतात. सरकारी इमारतींचे तसे नाही. सभागृहाच्या गॅलरीतून कोणी पत्रके, भुकटी किंवा द्रव खाली फेकील ही तिथली धास्ती असते. न्यायालयात एकमेकांवर चिडलेले दोन पक्ष एकाच व्हरांड्यात उभे असतात आणि साक्षीदाराचा फोटो चोरून काढला जाण्याचीही भीती असते. वकिलातींमध्ये फोन आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर बंदी घालण्याकडे कल असतो. प्रत्येक इमारतीची निषिद्ध वस्तूंची यादी तिच्या धोक्यावरून ठरते. म्हणून ज्या इमारतीत जायचे तिच्या अधिकृत संकेतस्थळावरची यादी आदल्या दिवशी पुन्हा वाचा. कोणा प्रवाशाने दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या वर्णनावर विसंबू नका, कारण या याद्या गाजावाजा न करता बदलतात.

उदाहरणे देतो. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनात, पाण्यासह कोणतेही द्रव आणि खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, आणि पिशवी १८ इंच रुंद, १४ इंच उंच आणि ८.५ इंच खोल यापेक्षा मोठी चालत नाही. वैद्यकीय गरजेच्या वस्तूंना मात्र सवलत असते. इंग्लंडच्या न्यायालयांत पाण्याची बाटली नेता येते, पण तपासणारा कर्मचारी त्यातला एक घोट तुम्हालाच प्यायला सांगतो. बाटलीत नेमके काय आहे हाच प्रश्न दोन्हीकडे असतो, फक्त तो सोडवण्याची रीत वेगळी. बर्लिनमध्ये राइशटागच्या, म्हणजे जर्मनीच्या संसदभवनाच्या, घुमटावर जाणे विनामूल्य आहे, मात्र आधी नाव, आडनाव आणि जन्मतारीख देऊन नोंदणी करावी लागते आणि दारात ओळखपत्र दाखवावे लागते. न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मार्गदर्शकासह फेरीसाठी आधी समोरच्या इमारतीत ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते, आणि ५ वर्षांखालील मुलांना त्या फेरीत घेत नाहीत. तुमचा धाकटा भाचा त्याहून मोठा असेल असे धरतो.

जिथे आधी नाव द्यायचे असते तिथे पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने द्यावे. दारातल्या माणसाला यादी आणि पासपोर्ट जुळवून पाहायचे असतात आणि न जुळणाऱ्या नावाबाबत स्वतःच्या मनाने निर्णय घेण्याची मुभा त्याला बहुतेक वेळा नसते. दहापैकी नऊ खोळंबे चाकू-सुऱ्यांमुळे होत नाहीत, ते अशा किरकोळ विसंगतीमुळे होतात, असे मी अनुभवाने सांगतो.

आता यंत्रांविषयी. ज्या चौकटीतून आपण चालत जातो ती भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते; धातूमध्ये त्यामुळे सूक्ष्म विद्युतप्रवाह उठतात आणि ते प्रवाह यंत्राला जाणवतात. यात क्ष-किरणांचा संबंध नाही. क्ष-किरण फक्त पट्ट्यावरून जाणाऱ्या सामानावर पडतात. पडद्यावर कागद, कापड, अन्न, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ केशरी दिसतात, धातू निळे दिसतात आणि मधल्या घनतेच्या वस्तू हिरव्या दिसतात. जाड पुस्तकांचा गठ्ठा, गुंडाळलेल्या चार्जरच्या वायरी आणि नाण्यांची पिशवी एकावर एक आल्या की तिथे फक्त गडद ठिपका दिसतो आणि मग पिशवी उघडावीच लागते. सामान विरळ ठेवले, वायरी वेगळ्या कप्प्यात ठेवल्या, नाणी आणि किल्ल्या आधीच एका लहान पाकिटात काढून ठेवल्या, तर तुमची पिशवी थांबणार नाही आणि मागची रांगही अडणार नाही.

सामान ठेवण्याची जागा असेलच असे गृहीत धरू नका. अनेक इमारतींत लॉकर नसतात आणि दारात सोडलेली बेवारस पिशवी हीच सुरक्षेच्या दृष्टीने मोठी घटना ठरते. तिच्यामुळे अख्खा रस्ता रिकामा करावा लागू शकतो. छोटा चाकू, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, तिखट फवारा असले काही मुक्कामाच्या जागीच ठेवून निघावे. आणि बाँबसंबंधी विनोद कधीही, कोणत्याही भाषेत करू नये, हे मुलांना आधीच नीट समजावून सांगा. समोरचा माणूस हसला तरी त्याला ते उच्चार वरिष्ठांना कळवावेच लागतात.

इतिहासवेडा

द्वारपालांनी प्रक्रिया उत्तम सांगितली आहे. नियम असे का झाले, हे मुलांना सांगायचे असेल तर थोडी भर घालतो, कारण यातला जवळजवळ प्रत्येक नियम एखाद्या घटनेनंतर आलेला आहे.

७ नोव्हेंबर १९८३ च्या रात्री कॅपिटॉलमध्ये सिनेटच्या (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सदनाच्या) सभागृहाबाहेर बाँबस्फोट झाला. कोणी जखमी झाले नाही, पण तोवर लोकांना मुक्तपणे फिरता येत असलेला सभागृहाबाहेरचा भाग त्यानंतर कायमचा बंद झाला. जुलै १९९८ मध्ये त्याच इमारतीत एका बंदूकधाऱ्याने दोन पोलिसांचा जीव घेतला. पाहुण्यांची तपासणी मुख्य इमारतीच्या आत होण्याऐवजी अलीकडेच व्हावी, या विचाराला त्या घटनेने जोर आला आणि आज ज्या भूमिगत स्वागतकेंद्रातून सर्वांना आत जावे लागते ते २ डिसेंबर २००८ रोजी खुले झाले. १९ एप्रिल १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीतील स्फोटात १६८ माणसे गेली. तिथली इमारत अगदी सामान्य संघराज्य, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, कार्यालयांची होती. त्याच वर्षी मे महिन्यात व्हाइट हाउससमोरचा रस्ता वाहनांसाठी बंद करण्यात आला आणि ऑक्टोबरमध्ये सर्व संघराज्य इमारतींच्या सुरक्षेचे निकष ठरवण्यासाठी आंतरविभागीय समिती नेमली गेली. इमारतीपासून लांब थांबवलेल्या गाड्या, रस्त्याकडेला रोवलेले जाड खांब आणि दगडी कुंड्या पाहिल्यात, तर त्यांचे मूळ अशा घटनांत आहे हे मुलांना सांगा.

दोन घटना तुमच्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत. मे २००४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यावर गॅलरीतून जांभळी भुकटी फेकण्यात आली. त्याच्या थोडेच आधी गॅलरीपुढे काचेचा पडदा बसवला होता, पण मान्यवरांच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या पुढच्या रांगा त्या पडद्याबाहेर होत्या आणि भुकटी नेमकी तिथूनच आली. १३ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे भारतीय संसदेवरील २००१ च्या हल्ल्याला बरोबर बावीस वर्षे झाली त्या दिवशी, दोघांनी प्रेक्षक गॅलरीतून लोकसभेच्या सभागृहात उड्या मारल्या आणि बुटांत लपवून आणलेल्या धुराच्या नळकांड्या उघडल्या. त्यांच्याकडे खासदाराच्या शिफारशीवर मिळालेले रीतसर पास होते. ओळखीच्या शिफारशीमुळे तपासणीत ढिलाई होऊ नये आणि बूट काढायला सांगितले तर त्यात अपमान मानू नये, हे या दोन घटनांवरून पटते.

मात्र मला जे फार महत्त्वाचे वाटते ते सांगतो. सुरक्षेच्या नावाखाली जागा हळूहळू लोकांपासून दूर जाते, ही चिंता त्या संस्थांतल्या लोकांनीही उघडपणे मांडली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये समोरच्या भव्य पायऱ्यांवरून होणारा प्रवेश बंद केला आणि पाहुण्यांना बाजूच्या दाराने आणायला सुरुवात केली, तेव्हा न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी लेखी खेद व्यक्त केला आणि न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्याला दुजोरा दिला. कायद्यापुढे सर्वांना समान न्याय, अशा आशयाची अक्षरे ज्या दारावर कोरली आहेत त्याच दारातून माणसाने आत यावे, हे त्यांचे म्हणणे मला आजही पटते. कॅनबेरामधील ऑस्ट्रेलियाची संसद १९८८ मध्ये खुली झाली तेव्हा तिच्या छतावर हिरवळ होती आणि लोकांनी आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावरून चालत जावे अशीच ती योजना होती. २०१७ मध्ये त्या उतारावर कुंपण आले. राइशटागचा काचेचा घुमटही याच कल्पनेतून उभा राहिला आहे, की नागरिक वर असावेत आणि त्यांचे प्रतिनिधी खाली. तो आजही खुला आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये दहशतवादी हल्ल्याच्या इशाऱ्यामुळे तो बंद ठेवावा लागला होता, पण कायमची दारे लावून घेण्याऐवजी तिथल्या संसदेने आधी नोंदणी करण्याची पद्धत आणली आणि लोकांना पुन्हा वर जाऊ दिले. कडक तपासणी आणि मोकळा प्रवेश एकत्र नांदू शकतात, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही, त्यामुळे तुमच्या यादीत बर्लिन नसेल तर ते जरूर घाला.

वैद्य

आईंच्या पेसमेकरविषयी आणि बाबांच्या इन्सुलिनविषयी लिहितो. त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम समजावा. खाली लिहिले आहे ते सर्वसाधारण आहे.

धातुशोधक चौकटीतून नेहमीच्या चालीने गेल्यास पेसमेकरच्या कामात लक्षणीय बिघाड होण्याची शक्यता फार कमी असते. काळजी घ्यायची ती दोन बाबतींत. चौकटीत किंवा तिच्या खांबांना टेकून रेंगाळू नये, आणि हातात धरायचे धातुशोधक यंत्र छातीवरच्या त्या जागी धरून ठेवू देऊ नये. पेसमेकर बसवताना रुग्णालयाने दिलेले कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा आणि चौकटीपर्यंत पोहोचण्याआधीच ते दाखवून हाताने तपासणी मागा. चौकट वाजल्यावर कार्ड शोधू लागलात, तर कर्मचारी आधीच सावध झालेला असतो आणि तेच संभाषण अकारण ताणले जाते.

इन्सुलिन, सुया आणि ग्लुकोज यांची एक वेगळी पारदर्शक पिशवी करा. औषधे मूळ वेष्टनात, औषधाच्या दुकानाच्या लेबलासह असावीत आणि डॉक्टरांचे एका परिच्छेदाचे इंग्रजी पत्र सोबत असावे. त्यात आजाराचे नाव, औषधाचे मूळ नाव आणि सुया व गोड पदार्थ सतत जवळ ठेवण्याची गरज एवढेच असले तरी पुरते. सामानाच्या क्ष-किरण यंत्रातून औषध गेले म्हणून ते किरणोत्सारी होत नाही. बाबा इन्सुलिनचा पंप किंवा शरीरावर चिकटवलेला साखरमापक वापरत असतील तर मात्र त्या उपकरणाच्या कंपनीची सूचना वाचा, कारण काही उत्पादक ही उपकरणे क्ष-किरण यंत्रातून नेऊ नयेत असे सांगतात. अशा वेळी ती हाताने तपासावीत अशी विनंती करता येते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. जिथे खाद्यपदार्थ निषिद्ध आहेत तिथेही साखर खाली गेल्यावर लागणारे ग्लुकोज ही वैद्यकीय वस्तू आहे, हे नम्रपणे आणि ठामपणे सांगा. संकोचापायी ते दारात टाकून देऊ नका. गॅलरीत दोन तास बसल्यानंतर त्याची गरज पडली, तर बाहेर जाऊन आणण्याइतका वेळ हाताशी नसतो.

स्वानंदी

द्वारपाल, इतिहासवेडा आणि वैद्य, तिघांचेही मनापासून आभार. आईला वैद्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा ती बरीच निश्चिंत झाली. दोन प्रश्न अजून उरले आहेत. झडतीला नकार दिला तर काय होते, आणि फोटो काढण्याबाबत कायदा काय म्हणतो? आमच्या बरोबर येणारे एक शीख कुटुंब आहे. त्यांच्या कृपाणाबद्दलही कोणाला माहिती असल्यास कृपया लिहावे.

सनद

मी वकिली करते, त्यामुळे कायद्याच्या बाजूने उत्तर देते. अर्थात प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे.

नकार देता येतो, पण मग आत जाता येत नाही, असे बहुतेक ठिकाणचे सूत्र आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने न्यायालयाच्या दारातील अशा तपासणीला मान्यता दिली, ती काही मर्यादा घालूनच. तपासणीची गरज खरी असावी, ती शस्त्रे आणि स्फोटके शोधण्यापुरती मर्यादित असावी आणि ज्याला ती नको असेल त्याला परत फिरता यावे, असा त्या निकालाचा आशय आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या न्यायालयविषयक कायद्याने न्यायालयाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना झडती घेण्याचा, वस्तू ताब्यात मागण्याचा आणि झडती नाकारणाऱ्याला प्रवेश नाकारण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे अधिकार दोन्ही बाजूंना आहेत. मात्र परत फिरायचे तर ते तपासणी सुरू होण्याआधी, रांगेतून शांतपणे बाहेर पडून करावे. पिशवी यंत्रात गेल्यावर ती मागे ओढू लागलात तर त्याचा वेगळा अर्थ निघणारच.

आईंसाठी दोन गोष्टी मागता येतात: झडती घेणारी व्यक्ती स्त्री असावी, आणि झडती आडोशाला किंवा वेगळ्या खोलीत, सोबत घरचे माणूस ठेवून व्हावी. बहुतेक संसदा आणि न्यायालये ही विनंती मान्य करतात. त्यासाठी थोडे थांबावे लागले तर थांबावे. झडती सुरू होण्याआधी तिथे काय करणार आहेत हे विचारण्यातही काही गैर नाही, आणि चांगला कर्मचारी ते आपणहून सांगतो.

फोटोंबाबत आतले आणि बाहेरचे असा भेद ध्यानात ठेवा. इंग्लंडमध्ये न्यायालयात फोटो काढणे १९२५ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करणे १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यात येते. ही बंदी पाहुण्यांना त्रास देण्यासाठी नाही. साक्षीदार, ज्यूरी आणि आरोपी यांच्या संरक्षणासाठी ती आहे, आणि ती मोडणाऱ्याला अनवधानाने झाले असे म्हणून सुटता येईलच असे नाही. बाहेरच्या बाजूने परिस्थिती वेगळी असते. अमेरिकेत २०१० मध्ये झालेल्या एका तडजोडीत संघराज्य इमारतींच्या सुरक्षा दलाने मान्य केले, की सार्वजनिक जागेत उभे राहून या इमारतींचे बाहेरून फोटो काढण्यावर सरसकट बंदी नाही. हा नियम जगभर लागू आहे असे मात्र समजू नका. काही देशांत सैनिकी वा सरकारी इमारतींचे बाहेरून फोटो काढणेही गुन्हा आहे, तेव्हा फलक दिसला की कॅमेरा खाली ठेवावा.

कृपाणाबद्दल एकच नियम सांगता येणार नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या न्यायालयांत ठरलेल्या लांबीपर्यंतचे कृपाण घालून येता येते. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या विधानसभेने मात्र २०११ मध्ये कृपाणासह प्रवेश नाकारला आणि २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने विधिमंडळाचा तो विशेषाधिकार मान्य केला. माझे व्यक्तिगत मत विचाराल तर श्रद्धेचा भाग असलेल्या वस्तूबाबत इंग्लंडची वाट अधिक न्याय्य आहे. तुमच्या सहप्रवाशांनी प्रत्येक इमारतीला आधी लेखी विचारावे आणि आलेले उत्तर छापून जवळ ठेवावे.

पल्लवी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माहिती उपयुक्त आहे, पण एक बाजू राहून जाते आहे असे वाटते. आपण सगळे संसदा आणि सर्वोच्च न्यायालये यांच्याबद्दल बोलत आहोत, जिथे पाहुण्यांचे स्वागत करण्याची व्यवस्था असते. रोजच्या कामाच्या सरकारी कार्यालयात ती नसते. एका कार्यालयाच्या दारात माझ्या वडिलांची चालण्याची काठी काढून घेण्यात आली आणि जिन्यापर्यंत त्यांना भिंतीचा आधार घेत जावे लागले. काठी का चालत नाही, हे कोणीही सांगू शकले नाही. तिथे पाहुणा म्हणून नव्हे, तर हक्काच्या कामासाठी गेलेला माणूस परतही फिरू शकत नाही, कारण त्याचा अर्ज त्याच इमारतीत अडकलेला असतो. सनदताईंनी सांगितलेला परत फिरण्याचा अधिकार अशा माणसाच्या काय उपयोगाचा?

सनद

पल्लवीताई, तुमचा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे आणि तो कायद्याच्या अभ्यासकांनीही घेतला आहे. ज्याला समन्स आले आहे किंवा ज्याचे निवृत्तिवेतन अडले आहे, त्याची संमती ही खरी संमती नसते. म्हणूनच अशा ठिकाणी तपासणी जास्तीत जास्त मर्यादित असायला हवी आणि तिचे नियम दारावर स्पष्ट लिहिलेले असायला हवेत. काठी, कुबड्या, चाकाची खुर्ची ही चालण्याची साधने आहेत. ती यंत्रातून तपासून लगेच परत द्यावीत आणि तेवढ्यापुरता दुसरा आधार द्यावा, ही किमान अपेक्षा आहे. असे न झाल्यास दारातल्या माणसाशी वाद घालत बसू नये, कारण नियम त्याने केलेला नसतो. त्या वेळचा दिनांक, वेळ, प्रवेशद्वार आणि कर्मचाऱ्याचा बिल्ला क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी इमारतीच्या प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रारीत नेमका कोणता लेखी नियम लावला, एवढाच प्रश्न विचारावा. लेखी नियम नसेल तर पुढच्या माणसाची काठी त्याच्याच हातात राहण्याची शक्यता बरीच वाढते.

द्वारपाल

पल्लवीताईंच्या वडिलांना जे सोसावे लागले ते वाचून वाईट वाटले. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवले जात असे, की काठी तपासायची ती त्या माणसाला खुर्चीवर बसवून. हे शिक्षण सगळीकडे मिळत नाही आणि कंत्राटी भरतीत तर ते पहिल्यांदा गाळले जाते, हे मला खेदाने मान्य करावे लागते.

स्वानंदीताई, भाच्याच्या फिल्मबद्दल राहिले होते. कमी वेगाच्या (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्मला सामानाच्या साध्या क्ष-किरण यंत्रातून एक-दोनदा गेल्याने सहसा काही होत नाही, पण ८०० किंवा त्याहून अधिक आयएसओची (हा फिल्मच्या वेगाचा आकडा) फिल्म धुरकट होऊ शकते, आणि अनेक कोनांतून प्रतिमा घेणाऱ्या नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रांतून कोणतीच फिल्म नेऊ नये. तुमच्या प्रवासात विमानतळ आणि इमारती मिळून बऱ्याच तपासण्या होतील आणि हा परिणाम साठत जातो. फिल्मची गुंडाळी डबीतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावी आणि हाताने तपासण्याची विनंती करावी. कॅमेऱ्यात आधीच फिल्म भरलेली असेल तर मागचे झाकण उघडून दाखवायला सांगण्याची शक्यता असते, म्हणून अशा दिवशी कॅमेरा रिकामा ठेवलेला बरा.

शेवटी गॅलरीविषयी. कॅपिटॉलच्या मार्गदर्शित फेरीत सभागृहाची गॅलरी येत नाही. तिच्यासाठी वेगळा पास लागतो आणि परदेशी पाहुण्यांना तो स्वागतकेंद्रातच हाउस (कनिष्ठ सदन) आणि सिनेटच्या नेमलेल्या टेबलांवर ओळखपत्र दाखवून मागता येतो. गॅलरीत फोन, कॅमेरे आणि पिशव्या नेता येत नाहीत, त्या बाहेर जमा कराव्या लागतात. बाबांचे वैद्यकीय उपकरण मात्र त्यातून वगळलेले आहे. लंडनमध्ये कॉमन्स सभागृहातील चर्चा परदेशी पाहुण्यांनाही विनामूल्य ऐकता येते, पण पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांच्या वेळची तिकिटे तिथल्या रहिवाशांसाठी असतात आणि इतरांना जागा उरली तरच प्रवेश मिळतो. मुलांना शांतपणे कामकाज ऐकवायचे असेल तर त्या गर्दीच्या वेळेऐवजी दुपारनंतरची एखादी साधी चर्चा निवडा. तेव्हा रांग बहुधा लहान असते आणि आईंना फार वेळ उभे राहावे लागणार नाही.